शिवणमास्तर आणि माझा प्रबंध

मूकबधिर मुलांच्या शाळेवर प्रबंध का लिहिलात, असं कुणी विचारलं की त्या मुलांबद्दल मला कळवळा होता, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. शाळा घाटकोपरला होती आणि आमचं घर मुलुंडला. सकाळच्या वेळात मी मुलुंडच्याच एका मुलींच्या शाळेत शिकवत असे. दुपारी मी फार लांब गेलेलं आईला चालत नसे. आमच्या मार्गदर्शकांनी जे चार-पाच विषय सुचवले, त्यांत दिवेलागणीच्या आत घरी परतता येईल असा हा एकच होता.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. मी पंचविशीची होते, बी.टी. झाले होते आणि एम.एड.ला नाव घातलं होतं. मार्गदर्शकांच्या टेबलावर परदेशातून मागवलेली पुस्तकं असत आणि त्यांत ‘नेतृत्व’ हा शब्द पानोपानी असे. मुख्याध्यापक चांगला तर शाळा चांगली, हे आपल्याकडे कुणीही सांगितलं असतं. पण आता ते मोजून दाखवायचं होतं.

“साध्या शाळा सगळेच घेतील,” मार्गदर्शक म्हणाले. “तुम्ही बहिऱ्या मुलांची शाळा घ्या. तिथे मुख्याध्यापकाचं नेतृत्व कसं चालतं ते पाहा. परीक्षकांना काहीतरी नवं वाचायला मिळेल.”

मी चाळीसेक प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. इंग्रजी पुस्तकातले प्रश्न उचलून मराठीत बसवले होते. ‘मुख्याध्यापक महत्त्वाच्या निर्णयाआधी सहकाऱ्यांचा सल्ला घेतात का? नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.’ त्याच्या सायक्लोस्टाइल प्रती घेऊन मी घाटकोपरला गेले. शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांना सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“हे नेतृत्व म्हणजे काय हो बाई?”

“पुढारीपण,” मी म्हटलं.

“पुढारी मैदानात असतात. शाळेत कसले पुढारी?” असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

टेकडीच्या पायथ्याशी एका भाड्याच्या बंगल्यात शाळा होती. खाली वर्ग भरत. वरच्या दोन खोल्यांत, ज्यांची घरं लांब होती अशी दहा-बारा मुलं राहत. मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती, तिथे शिवणाचा वर्ग चाले. शेडच्या पलीकडे म्हशींचा तबेला होता, त्यामुळे माशा फार. बहिऱ्या मुलांची शाळा शांत असेल असं मला वाटलं होतं. तिथे पाऊल ठेवलं तेव्हा बाक फरफटत होते, दारं आपटत होती आणि मुलांच्या तोंडून मोठमोठे आवाज निघत होते. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

वर्गात शिक्षिका मुलाचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायची आणि “आ” म्हणायची. मग तोच तळवा मुलाच्या स्वतःच्या गळ्यावर. ‘प’ शिकवताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. पट्टी हलली की ‘प’ आला. एकेका अक्षरावर दिवसचे दिवस जात. ह्या सगळ्यात एक नियम फार कडक होता: हातांनी बोलायचं नाही. शिकवणं चालू असताना हाताची घडी घालून बसायचं. ज्याचे हात हलले त्याला ते मांड्यांखाली दाबून बसावं लागे.

हा नियम मुख्याध्यापकांचा होता. उंच, सावळे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांचा स्वतःचा मुलगा जन्मापासून बहिरा होता. त्याच्यासाठीच त्यांनी आधीची नोकरी सोडून ही शाळा चालवायला घेतली होती. मुलगा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि कचेरीत पाकिटांवर तिकिटं चिकटवत बसे. मी आत गेले की उभा राहायचा आणि घशातून ओढून काढल्यासारखं म्हणायचा, “न-मस्-कार बाई.” वडील त्या वेळी हातातलं काम थांबवून त्याच्या ओठांकडे पाहत. शब्द पुरता बाहेर आला की पुन्हा कामाला लागत.

“स्वतःचं नाव म्हणायला ह्याला दोन वर्षं लागली,” त्यांनी मला एकदा सांगितलं. “हातांची भाषा सोपी असते, बाई. म्हणूनच ती धोक्याची. विहिरीत उतरल्यासारखं असतं ते. खाली सगळे एकमेकांना भेटतात, त्यांना बरं वाटतं, आणि मग वर कुणी येत नाही. मी गेल्यावर ह्याला स्टेशनवर तिकीट मागता आलं पाहिजे. तिकीटबाबूला काही हातांची भाषा येत नाही.”

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. आजही त्यांना वाईट माणूस म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, असे आठवड्यातले दोन दिवस मी जात असे. शिक्षकांच्या प्रश्नावल्या महिन्याभरात भरून झाल्या. सगळ्यांनी सगळीकडे ‘नेहमी’वर खूण केली होती. असल्या उत्तरांतून प्रबंध निघणार नाही हे मलाही कळत होतं. मग मला एक कल्पना सुचली. मुलांना लिहून विचारण्यात अर्थ नव्हता, दोन-चार मोठी मुलं सोडली तर कुणाला वाक्य वाचता येत नव्हतं. पण कचेरीच्या भिंतीवर शाळेचा वार्षिक फोटो होता. मी तो मागून घेतला. एका मोठ्या मुलीला पाटीवर लिहून, चित्रं काढून समजावलं, आणि तिने बाकीच्यांना: पडलात, दुखलं, भीती वाटली, तर ह्यांतल्या कुणाकडे जाल? बोट ठेवा.

एकेक मूल आलं आणि फोटोवर बोट ठेवून गेलं. मधल्या खुर्चीवर मुख्याध्यापक बसले होते, दोन्ही बाजूंना शिक्षिका. त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. दोघं सोडून सगळ्यांनी बोट ठेवलं ते मागच्या रांगेत अगदी कडेला उभ्या असलेल्या एका माणसावर. ते दोघं मावशींकडे वळले होते.

तो माणूस म्हणजे शिवणाचे मास्तर. चाळिशीचे असतील. स्वतः बहिरे, शहरातल्या एका जुन्या शाळेत वाढलेले. मुलांना काजं-बटणं, रफू आणि मशीन शिकवायला त्यांना ठेवलं होतं. हजेरीपटात त्यांचं नाव शिक्षकांत नव्हतं, शिपाई आणि मावशी यांच्या खाली होतं. म्हणून मी त्यांना प्रश्नावलीही दिली नव्हती.

त्यानंतरचे काही आठवडे मी शेडमध्येच जाऊन बसले. मी तिथे असणं मास्तरांना पहिल्या दिवशी आवडलं नाही. मी काही बोलत नाही, कुणाला काही सांगत नाही, असं पाहिल्यावर ते मला विसरले. मधल्या सुट्टीत डबा संपवून मुलं शेडमध्ये शिरायची आणि तिथे सगळ्यांचे हात सुटायचे. वर्गात जे कळलेलं नसे ते मास्तर तिथे सांगत. एक शिक्षिका पंधरा दिवस आल्या नाहीत, तेव्हा मुलांना वाटलं होतं की आपल्यावर रागावून गेल्या. त्यांचे वडील वारले हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी सांगितलं. डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली, मग हातांनी चार खांदेकरी दाखवले. मुलांचे हात थांबले. त्यांतली एक उठली आणि तिने विचारलं, बाईंनी जेवण केलं का? हे मला कळलं, कारण तिचा हात तोंडाकडे गेला आणि भुवया वर गेल्या. एवढं मलाही कळायला लागलं होतं.

विचारणारी ती मुलगी दहा वर्षांची होती. हनुवटीवर तीळ होता, म्हणून मास्तरांच्या भाषेत तिचं नाव म्हणजे हनुवटीला बोट लावणं. तिचे वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत होते आणि गाववाल्यांबरोबर एका गाळ्यात राहत होते. बायको, म्हातारी आई आणि बाकीची पोरं कोकणात. गाळ्यात मुलगी ठेवता येत नाही म्हणून ही वसतिगृहात. मशीनवर तिचे पाय पुरत नसत, तरी ती सारखी मशीनच्या बाजूला उभी असे.

सुट्टी संपायच्या आधी मास्तर सगळ्यांना एकदा पाहून घेत. कुणाचा गुडघा, कुणाचा घसा, कुणाच्या चपलेचा तुटलेला अंगठा. एकेकापुढे भुवया उडवायच्या: काय? मूल सांगायचं, नाहीतर मान हलवून पुढे जायचं. ज्याला काही होत असेल त्याला हाताला धरून ते मावशींकडे नेत आणि कुठे काय दुखतंय ते मावशींना नक्कल करून दाखवत. मावशींना ह्याची इतकी सवय होती की त्यात काही विशेष आहे असं त्यांनाही वाटत नव्हतं.

हे सगळं मी एका प्रकरणात लिहिलं. तोवर लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं. मार्गदर्शक खूश झाले. पदाने कुणी नसलेला माणूस प्रत्यक्षात नेता कसा असतो, ह्याचं हे उत्तम उदाहरण आहे, म्हणाले. पण शाळेत येऊ देताना मुख्याध्यापकांनी एक अट घातली होती: लिहिलेलं आधी मला दाखवायचं. त्याप्रमाणे मी प्रकरण त्यांच्या हातात दिलं.

आपल्या शाळेत असा माणूस आहे हे वाचून सरांना अभिमान वाटेल असं वाटलं होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. शेडमध्ये चालतं ते चोरून चालतं हे मला ठाऊक होतं. त्याच प्रकरणात माझं एक वाक्य होतं: ‘मुख्याध्यापकांची सावली दारात पडताच सगळे हात खाली जातात.’ वाक्य चांगलं जमलं होतं. म्हणून मी ते काढलं नाही.

मुख्याध्यापकांनी मला कचेरीत बोलावलं. मुलाला त्यांनी बाहेर पाठवलं होतं.

“हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो सर.”

“रोज चालतं?”

“मी असते तेव्हा तरी चालतं.”

त्यांनी कागद नीट जुळवले, टाचणी लावली. “थोडंफार चालत असेल अशी मला शंका होती. एवढं असेल असं वाटलं नव्हतं. वर्गात आम्ही पाच तास घाम गाळतो आणि अर्ध्या तासात सगळं धुऊन जातं.” मग ते म्हणाले, “तुमचे उपकार झाले.”

“सर, मुलांचा त्यांच्यावर फार जीव आहे.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

पुढच्या मंगळवारी गेले तेव्हा शेडमध्ये मशीनवर कापड घातलेलं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात शिवणाला एक नव्या बाई आल्या. त्या ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या होत्या आणि स्वभावाने शांत. सुट्टीत शेडला कुलूप लागायला लागलं. मास्तर कुठे गेले हे मी मावशींना विचारलं, तर त्या मला म्हणाल्या, “तुम्हालाच माहीत असेल.” त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

मी घरी गप्प असायला लागले. आईने दोन-तीनदा विचारलं, “काय गं, तब्येत बरी नाही का?” मी प्रबंधाचा ताण म्हणून सांगितलं. प्रबंध अर्धा झाला होता, तो सोडून द्यावा असं मात्र एकदाही मनात आलं नाही. उलट, मास्तर गेल्यावर शाळेत काय फरक पडतो ते टिपलं पाहिजे, असं मार्गदर्शक म्हणाले आणि मी वही घेऊन पुन्हा वर्गात बसले.

नंतरच्या एका मंगळवारी मी दुसरीच्या वर्गात होते. मुलं हाताची घडी घालून बसली होती. हनुवटीवर तीळ असलेली ती मुलगी पहिल्या बाकावर होती. तिची घडी इतरांपेक्षा खाली होती, पोटाशी घट्ट. चेहरा उतरलेला. ती फळ्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही. तिने एक हात सोडवला, पोटाला लावला आणि दाराकडे, मागच्या शेडच्या बाजूला बोट केलं. शिक्षिकेने टेबलावर पट्टी आपटली. आवाज तिला ऐकू गेला नसणार, पण तिने पट्टी पाहिली आणि हात पुन्हा घडीत गेला. तिला शेडमध्ये जायचं आहे, शिवण आवडतं म्हणून, असं मला वाटलं. मी वहीत लिहिलं: ‘हस्तसंकेत जवळजवळ बंद. विद्यार्थी स्थिर. शिस्त सुधारली आहे.’

शुक्रवारी मी गेले तेव्हा शाळा बंद होती. बंगल्याच्या पायरीवर मावशी एकट्या बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. सोमवारी मुलीला उलटी झाली. कच्च्या चिंचा खाल्ल्या असतील असं समजून मावशींनी ओवा दिला. मंगळवारी तिने जेवायला नको म्हटलं. त्या दिवशी संध्याकाळी अंग गरम लागलं, पण ती कण्हतबिण्हत नव्हती, म्हणून सकाळी पाहू असं ठरलं. बुधवारी दुपारी ती बाकावरून खाली पडली. टॅक्सी आणून मोठ्या इस्पितळात नेली. आतडं फुटून पू झाला होता. डॉक्टरांनी पोट उघडलं, पण उशीर झाला होता. गुरुवारी पहाटे ती गेली.

“मास्तर असते तर सोमवारीच मला धरून दाखवलं असतं त्यांनी,” मावशी म्हणाल्या. “मला नाही हो समजत ह्या मुलांचं. मास्तर दाखवायचे म्हणून समजायचं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्या थोड्या सरकून बसल्या.

आम्ही बसलो असतानाच मुलीचे वडील आले. बारीक अंगाचा माणूस, डोक्याला टोपी. तिची ट्रंक न्यायला आला होता. सर वरून खाली आले, त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

“कोणाकच कळाक नाय?” त्याने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच विचारायचं होतं.

“तिला सांगता आलं नाही,” सर म्हणाले.

“बोलाक येय नाय तिका,” तो म्हणाला. “पण हातान सगळा सांगी. घराकडे आमका सगळ्यांका कळी.”

सरांनी मान खाली घातली. मावशींनी ट्रंक आणली आणि वर घडी करून एक झबलं ठेवलं. गावच्या धाकट्या भावासाठी ती शिवत होती, एक बाही लावायची राहिली होती. त्याने ते उचलून टाके पाहिले, बोट फिरवलं.

“ह्या कोणी शिकवल्यानी तिका?”

“मास्तर होते शिवणाचे,” मावशी म्हणाल्या.

“खय आसत ते? भेटतंय त्यांका.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि गेला.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तू काय डॉक्टर होतीस का? असं मनाला लावून घेऊ नकोस.” पुढे आयुष्यात ज्या दोघा-तिघांना मी हे सांगितलं, तेही कमीजास्त हेच म्हणाले.

मास्तरांचा पत्ता मला शाळेतल्या त्या मोठ्या मुलीने दिला. तिने पाटीवर रस्ता काढून दाखवला. मुलुंडच्याच बाजारात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका शिंप्याच्या दुकानात ते काजं करायला बसत होते. मी इतके दिवस त्या दुकानावरून जात होते. मी आत गेले, मास्तरांनी वर पाहिलं आणि सुई कापडात टोचून ठेवली. मी वहीत लिहिलं: ‘ती मुलगी गेली. तुम्हाला सांगायला आले.’

त्यांनी वाचलं. पेन्सिल मागून घेतली. त्यांचं मराठी तुटक होतं, अक्षर मात्र छापल्यासारखं. ‘माहीत. मोठी मुलं आली. सांगितलं.’ मग खाली आणखी एक ओळ: ‘सोमवार ती शेडमध्ये आली. कुलूप. दार वाजवलं.’

मी लिहिलं: ‘माझ्यामुळे तुम्ही गेलात. मी ते प्रकरण सरांना दाखवायला नको होतं.’

त्यांनी ती ओळ वाचली. ‘प्रकरण’ हा शब्द त्यांना कळला नसावा. त्यावर बोट ठेवून त्यांनी भुवया वर केल्या. मला दुसरा शब्द सुचेना. मी प्रबंधाचे कागद, मग सर, मग ते स्वतः, असं बोटाने कसंबसं दाखवलं. त्यांना समजलं. त्यांनी लिहिलं: ‘तुम्ही बसत होता. मला वाटलं शिकायला बसता.’

मालकाने मागून हाक मारली. मास्तरांना ती ऐकू आली नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी सुई उचलली. मी उभी होते तेवढा वेळ त्यांनी पुन्हा मान वर केली नाही.

मग मी मुख्याध्यापकांकडे गेले. मास्तरांना परत घ्या, एवढंच सांगायचं होतं. ते एका आठवड्यात म्हातारे झाले होते. वसतिगृहाच्या भिंतीवर त्यांनी माणसाच्या शरीराचं मोठं चित्र लावून घेतलं होतं, दुखेल तिथे मुलांनी बोट ठेवावं म्हणून. ते मला वर नेऊन दाखवलं.

“सर, चित्र चांगलं आहे. पण मुलांना माणूस हवा आहे,” मी म्हटलं.

“माझी चूक झाली. मी ती शाळेच्या कमिटीपुढे कबूल केली आहे,” ते म्हणाले. “मुलीकडे लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं नाही.”

“आणि मास्तर?”

ते खिडकीशी उभे राहिले. खाली त्यांचा मुलगा अंगणात एकटाच उभा होता.

“त्यांना परत आणलं तर पद्धत चुकली असं म्हटल्यासारखं होईल. आणि पद्धतच चुकली असं मी म्हटलं, बाई, तर ह्या मुलाला मी अठरा वर्षं काय केलं?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “लहानपणी हा झोपेत हात हलवायचा. मी उशाशी बसून ते धरून ठेवत असे.”

मी निघाले. जिना उतरत होते तेव्हा त्यांनी मागून सांगितलं की ते प्रकरण छापायला किंवा सादर करायला त्यांची संमती नाही.

मी मार्गदर्शकांना म्हटलं, मुलीचं काय झालं ते तरी लिहू या. ते चांगले होते, शांतपणे ऐकून घेतलं.

“मृत्यूचा आणि नेतृत्वाचा संबंध तुम्ही कसा दाखवणार? पुरावा काय?”

“माझी निरीक्षणाची वही आहे.”

“आणा पाहू.” त्यांनी वही उघडली, त्या मंगळवारचं पान वाचलं आणि वही माझ्याकडे फिरवली. “इथे तर शिस्त सुधारली असं लिहिलंय तुम्ही.”

प्रकरण गाळलं. फोटोचा प्रयोगही गाळला. त्याऐवजी मुख्याध्यापकांची ध्येयनिष्ठा, वेळापत्रक, शिक्षकांच्या सभा, शिस्त, असं सगळं आलं. प्रबंध मान्य झाला. परीक्षकांना शिस्तीवरचा भाग विशेष आवडला, असं मला कळवण्यात आलं. त्या पदवीच्या जोरावर मी आधी आमच्या शाळेत पर्यवेक्षिका झाले आणि पुढे मुख्याध्यापिका. माझ्या निरोपसमारंभात माझ्या नेतृत्वावर पुष्कळ भाषणं झाली.

घाटकोपरच्या त्या शाळेत मी पुन्हा गेले नाही. काही वर्षांनी ती दुसरीकडे हलली. सर त्याआधीच वारले. त्यांचा मुलगा एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागला, असं कुणीतरी सांगितलं. मुलीच्या वडिलांबद्दल मला काहीच कळलं नाही.

मास्तर मला आणखी एकदा दिसले. साठ साल उलटून गेलं होतं. रविवारी सकाळी मी भाजीला निघाले होते. शिंप्याचं दुकान बंद होतं आणि त्याच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली होती. काही तरुण, काही पोक्त, दोन बायका, एकीच्या कडेवर मूल. सगळ्यांचे हात चालले होते. येणारे-जाणारे थांबून बघत होते, पोरं नकला करत होती, आणि त्या माणसांना त्याची फिकीर नव्हती. मधोमध मास्तर बसले होते. केस पिकले होते. काहीतरी वाद चालला असावा, कारण सगळे एकदम हात हलवत होते, आणि मास्तरांनी तळवा वर केला तेव्हा सगळे थांबले.

त्यांची नजर माझ्यावर पडली. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. मग ते त्या लोकांकडे वळले आणि त्यांनी हातांनी काहीतरी सांगितलं, फार लांब नाही, दोन-तीन वाक्यांएवढं. त्यात एकदा त्यांचं बोट हनुवटीला लागलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणी काही केलं नाही, नुसतं पाहिलं. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले.